खुर्ची तीच, भाडं वेगळं: खानदेशातून पहिल्यांदा विमानाने निघताना

माझी अमळनेरची मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघाली, तेव्हा तिचं तिकीट मी काढलं होतं. यादीतलं सगळ्यात वरचं, सगळ्यात स्वस्त. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली आणि लाल आकडा आला: २३.४. तिकिटात जात होते १५ किलो.

मग व्हायचं तेच झालं. मागे रांग, आणि मावशी फरशीवर बसून बॅग उघडतेय. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, डिंक, मेथ्या, बाळाची दुपटी. यातलं काय परत पाठवायचं? काहीच नाही. शेवटी जास्तीच्या वजनाचे पैसे भरले. घरी आल्यावर मी पुन्हा ती बुकिंगची स्क्रीन उघडली. मी निवडलेल्या रकान्याच्या शेजारचाच रकाना होता, त्यात २५ किलो सामान जात होतं. दोन्ही रकान्यांतला फरक आम्ही काउंटरवर भरलेल्या पैशांच्या पावही नव्हता.

मावशीने फोनवर एकच प्रश्न विचारला, "खुर्ची तर तीच शे ना, मंग पैसा येगळा काबरं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. त्यानंतर घरातली, भावकीतली, गल्लीतली बरीच तिकिटं काढली. आता देता येतं.

पायरी १: वर्ग आणि भाडं यांची गल्लत करू नका

आपण भुसावळच्या छायेत वाढलेली माणसं. आपल्या डोक्यात प्रवासाचा हिशोब रेल्वेचा असतो. जनरल, स्लीपर, थ्री टायर एसी, टू टायर. डबा बदलला की भाडं बदलतं, आणि तत्काळ सोडलं तर एकाच डब्यातल्या दोन शेजाऱ्यांनी साधारण सारखेच पैसे दिलेले असतात.

विमानात हे डोक्यातून काढून टाका. तिथे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक वर्ग, म्हणजे तुम्ही कुठल्या खुर्चीत बसणार: इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस. दुसरा भाड्याचा प्रकार, म्हणजे त्या खुर्चीसोबत काय काय मिळणार: सामान किती, तारीख बदलता येईल का, रद्द केलं तर किती कापणार, जेवण आहे का. एकाच इकॉनॉमीत, एकाच रांगेत, शेजारी शेजारी बसलेल्या तिघांचे भाड्याचे प्रकार तीन असू शकतात. खुर्ची तीच, अटी वेगळ्या.

त्यात आणखी एक भानगड. तिकिटावर कुठेतरी वर्ग म्हणून एखादं रोमन अक्षर छापलेलं असतं. तो डबा नव्हे. सारख्याच खुर्च्या कंपनीचा संगणक टप्प्याटप्प्याने विकतो. स्वस्त टप्पा संपला की त्याच्या वरचा उघडतो. ते अक्षर म्हणजे त्या टप्प्याची खूण. म्हणून सकाळी पाहिलेलं भाडं संध्याकाळी वाढलेलं दिसतं. त्यात बेकायदेशीर काही नाही. १९९४ मध्ये जुना एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाल्यापासून देशांतर्गत भाडं कंपन्याच ठरवतात. सरकार मध्ये पडतं ते अपवादाने. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि बाकीच्यांची भाडी आभाळाला टेकली, तेव्हा सरकारने तात्पुरती मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये, वर कर वेगळे. तीही इकॉनॉमीपुरती. बिझनेस आणि 'उडान' या सरकारी योजनेतली विमानं त्यातून वगळली होती.

पायरी २: निघायचं कुठून

जळगावचं विमानतळ कुसुंब्याजवळ, संभाजीनगर रस्त्यावर. २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात शहरात त्यावर काय काय विनोद झाले ते इथे नको. 'उडान' योजनेतून एक कंपनी आली, गेली, दुसरी आली, तीही गेली. २०२४ पासून फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांची विमानं सुरू झाली आणि गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई ही नावं जळगावच्या फलकावर दिसू लागली.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून मागच्या दिवाळीला भाचा अमुक वारी आला होता, यावर विसंबून यंदाचं लग्न ठरवू नका. विमान रोज असतंच असंही नाही. तारीख टाकून बघा.

'उडान'बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: "जळगावहून अडीच हजारात विमान." २०१६ मध्ये योजना आली तेव्हा साधारण तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपये ही मर्यादा होती खरी, पण ती विमानातल्या सगळ्या खुर्च्यांना नव्हती, ठरावीक खुर्च्यांना होती, आणि पुढे तो आकडाही बदलत गेला. उरलेल्या खुर्च्या बाजारभावाने. त्यामुळे शेजाऱ्याला स्वस्त मिळालं आणि तुम्हाला नाही, यात कोणी फसवलेलं नाही. तो आधी पोचला, एवढंच.

जळगावहून जमत नसेल तर पर्याय पुष्कळ आहेत. धुळेकरांना नाशिकचं ओझर किंवा शिर्डी सोयीचं. नंदुरबार, नवापूरवाल्यांना सूरत जवळ, गाडीही सरळ. जळगाव, जामनेर, पाचोऱ्याला संभाजीनगर. शिरपूरकडची माणसं इंदूरही धरतात. आणि लांबच्या प्रवासाला बरेच जण अजून रात्रीच्या गाडीने मुंबईच गाठतात. तसं करणार असाल तर तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. सांताक्रूझचं तिकीट घेऊन नवी मुंबईला पोचलात तर पुढे देवच वाली. गोव्यातही तसंच, दाबोळी वेगळं, मोपा वेगळं, आणि दोन्हींत बरंच अंतर.

भाड्याची तुलना करताना घरापासूनचा खर्च धरा. सूरतहून तिकीट ८०० रुपयांनी स्वस्त, पण चार माणसांची गाडी करून सूरत गाठायला त्याहून जास्त, असा हिशोब मी स्वतः एकदा केलेला आहे. उलटा.

पायरी ३: शोधताना

आधी एकाच माणसासाठी शोधा. चौघे जाणार असाल तरी. कारण स्वस्त टप्प्यात तीनच खुर्च्या उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर संगणक चौघांनाही वरच्या टप्प्याचं भाडं दाखवतो. एकासाठी भाडं कमी आणि चौघांसाठी दरडोई जास्त दिसलं, तर समजा हेच घडतंय. मग तिघांचं एक आणि चौथ्याचं एक अशी दोन तिकिटं काढता येतात. लहान मूल बरोबर असेल तर मात्र ते आणि आई-बाप एकाच पीएनआरवर ठेवा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या पालकाशेजारी जागा द्यावी असं डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलेलं आहे. पीएनआरच वेगळा असेल तर त्याचा उपयोग नाही.

तुलना कुठल्याही ॲपवर करा, पैसे भरताना कंपनीची स्वतःची साइट एकदा बघा. बाहेरच्या ॲपवर शेवटी सुविधा शुल्क जोडलं जातं, ते परत मिळत नाही. गावातल्या ओळखीच्या एजंटकडून काढणार असाल तर बेशक काढा, पण त्याला तुमचा मोबाइल नंबर टाकायला सांगा, त्याचा नव्हे. विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो.

पायरी ४: भाड्याचे रकाने वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

विमान निवडलं की स्क्रीनवर दोन, तीन, कधी चार रकाने उघडतात. प्रत्येक कंपनीने नावं आपापली ठेवलीत. एअर इंडियात व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स. एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये लाइट, व्हॅल्यू, फ्लेक्स, बिझ. इंडिगोत सेव्हर, फ्लेक्सी प्लस. नावं पाठ करू नका, ती बदलत राहतात. एअर इंडियाचंच बघा, आधी ती कम्फर्ट आणि कम्फर्ट प्लस अशी होती. नावाखालच्या बारीक ओळी वाचा.

पहिली ओळ सामानाची. पूर्वी तिकीट म्हटलं की चेक-इन सामान आलंच, असं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना मुभा दिली की बॅग न नेणाऱ्याला स्वस्त तिकीट द्या. कल्पना वाईट नाही. मुंबईला सकाळी कामाला जाऊन रात्री परतणाऱ्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का द्यावेत? पण यातूनच 'लाइट' नावाचा प्रकार आला. एअर इंडिया एक्सप्रेसच्या लाइट भाड्यात चेक-इन बॅग नसतेच, फक्त हातातलं सामान. आपल्याकडचा माणूस पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जात नाही. म्हणजे लाइट आपल्यासाठी जवळजवळ बादच, एखादा परीक्षेला किंवा मुलाखतीला चाललेला पोरगा सोडला तर.

एअर इंडियानेही २ मे २०२४ पासून स्वस्त भाड्यातलं फुकट सामान २० किलोवरून १५ वर आणलं. "एअर इंडियात जास्त सामान जातं" ही आपल्या वडीलधाऱ्यांची माहिती जुन्या काळातली आहे. आता १५ धरून चला आणि त्याहून जास्त लिहिलेलं दिसलं तर आनंद माना.

दुसरी ओळ तारीख बदलण्याची, तिसरी रद्द करण्याची. महागड्या रकान्यात हे दोन्ही स्वस्त किंवा फुकट असतं. घ्यावं का? मी असं ठरवतो: कारण माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या? लग्नाची तारीख ठरलेली, पत्रिका छापलेली, तर स्वस्त भाडं घ्या. बाळंतपण, ऑपरेशन, कोर्टाची तारीख, कंपनीतली रजा अजून मंजूर व्हायची असेल, तर बदलता येणारं भाडं घ्या. मावशीच्या वेळी हे लक्षात आलं असतं तर सामानाचाही प्रश्न आपोआप सुटला असता, कारण बदलता येणाऱ्या भाड्यात बहुधा सामानही जास्त असतं.

चौथी ओळ जेवणाची आणि जागेची. तिच्यावर वेळ घालवू नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. कोरडे घरगुती पदार्थ हातातल्या पिशवीतून जातात.

सामान जास्त होणार हे माहीत असेल आणि वरचं भाडं फार महाग असेल, तर मधला मार्ग: जास्तीचे किलो आधीच ऑनलाइन विकत घ्या. विमानतळावरच्या दरापेक्षा ते स्वस्त पडतात. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाली की वजन करा. घरी काटा नसेल तर किराणा दुकानात करा, आमच्या गल्लीतला वाणी आनंदाने करून देतो, वर चौकशाही करतो.

सवलतीच्या भाड्यांचं दोन वाक्यांत. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि सैन्यदलातली माणसं यांच्यासाठी वेगळं भाडं असतं, शोधतानाच त्या चौकोनात खूण करावी लागते. धुळे-जळगावात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी आहे, त्यांनी हे जरूर बघावं. मात्र काउंटरवर ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि सवलतीचं भाडं कधी कधी साध्या स्वस्त भाड्यापेक्षा महाग निघतं. दोन्ही ताडून पाहा.

पायरी ५: वरच्या वर्गाचा मोह

जळगावला येणारी विमानं एटीआर, सत्तरेक माणसांची, पंख्याची. त्यांत एकच वर्ग. दोन-दोन खुर्च्या, मधली खुर्ची नाही, कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. वर्गाचा प्रश्न येतो तो मुंबई, हैदराबाद, दिल्लीहून पुढच्या मोठ्या विमानात. आणि तिथे गेल्या काही वर्षांत बरीच उलथापालथ झाली.

प्रीमियम इकॉनॉमी हा मधला वर्ग आपल्या देशात आणला विस्ताराने, २०१५ मध्ये. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तो वर्ग एअर इंडियात पसरला. त्यांच्या जुन्या ए-३२० निओ विमानांची आतून पुन्हा मांडणी झाली: ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, १३२ इकॉनॉमी. तिकडे इंडिगो, जिने २००६ पासून सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं होतं, तिनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबईवर 'स्ट्रेच' नावाने १२ मोठ्या खुर्च्या लावल्या. सुरुवातीचं भाडं १८,०१८ रुपये. जी कंपनी पाणी सोडून सगळं विकत देते म्हणून आपण हसायचो, तिच्याही विमानात आता पडद्यापुढचे आणि पडद्यामागचे असे दोन लोक झाले.

मला विचाराल तर तास-दीड तासाच्या प्रवासाला प्रीमियम इकॉनॉमी घेऊ नये. छोट्या विमानात ती खुर्चीही तीन-तीनच्याच रांगेत असते. पायांना थोडी जास्त जागा, जेवण बरं, सामान जास्त, नंबर लवकर. आणि किमतीत एक लपलेली पायरी आहे: जीएसटी. इकॉनॉमीवर ५ टक्के. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, आधी १२ होता. समजा इकॉनॉमीचं मूळ भाडं ५,००० आणि प्रीमियमचं ७,०००. फरक दोन हजारांचा दिसतो. कर धरला की एकीकडे ५,२५० आणि दुसरीकडे ८,२६०. फरक झाला ३,०१०. त्यामुळे पहिल्या स्क्रीनवरचा नाही, शेवटच्या स्क्रीनवरचा आकडा ताडून पाहा.

गुडघे दुखणारे वडील असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठीही आधी इकॉनॉमीची पहिली रांग किंवा कडेची खुर्ची किती पडते ते बघा. बाहेर पडायच्या आपत्कालीन दाराजवळची रांग ऐसपैस असते, पण ती म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, मुलांना देत नाहीत. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

आणि वरचा वर्ग घेतला, पण ऐन वेळी विमान बदललं आणि त्यात तो वर्गच नाही, असं होऊ शकतं. माझ्या मेहुण्याचं झालं. प्रीमियमचे पैसे भरलेले, बसला मागे मधल्या खुर्चीत, आणि काउंटरवर त्याला सांगितलं गेलं की "पुढच्या वेळी बघू". बघू नाही. फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम, करासकट, परत द्यावी लागते. बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा आणि लेखी मागा. मेहुण्याने मागितले, दोन महिन्यांनी आले.

पायरी ६: दोन विमानं जोडताना

जळगावहून हैदराबाद, तिथून चेन्नई, असं जाणार असाल आणि दोन्ही तिकिटं वेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या पीएनआरची असतील, तर दुसऱ्या कंपनीला पहिल्याशी काही देणंघेणं नसतं. पहिलं विमान लेट झालं, दुसरं चुकलं, पैसे गेले. शिवाय हैदराबादला बॅग पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायची, आणि दुसऱ्या कंपनीची वजनमर्यादा पुन्हा वेगळी. दोन्हींपैकी जी कमी, तीच तुमची. मध्ये किमान चार तास ठेवा. पावसाळ्यात आणि जानेवारीच्या धुक्यात मी तर मुक्कामच धरतो.

पायरी ७: नाव, जागा, वेब चेक-इन

नाव आधार कार्डावर आहे तसंच. आपल्याकडे कार्डावर कधी कधी आडनाव आधी असतं, फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना शेवटी. तिथे घाई करू नका. वडिलांचं नाव मध्ये राहिलं नाही तरी चालतं, पण नाव आणि आडनाव यांचं स्पेलिंग चुकवू नका.

वेब चेक-इन करताना स्क्रीन खुर्च्यांचा नकाशा दाखवते आणि बऱ्याच खुर्च्यांवर पैसे लिहिलेले असतात. नवखा माणूस घाबरून ३०० रुपये भरतो. भरले नाहीत तरी खुर्ची मिळतेच, तिकीट घेतलंय ना. जागा न निवडता पुढे जायचा पर्याय असतो, जरा खाली, जरा फिक्या अक्षरांत. तो दाबा.

पायरी ८: बॅगेत काय, पिशवीत काय

हातातली बॅग एक, साधारण ७ किलोपर्यंत, तिन्ही मापं मिळून ११५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. बायकांची पर्स किंवा लॅपटॉप वेगळा चालतो. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, तिथे मोठी ट्रॉली मावत नाही.

लोणचं हातात चालत नाही, चेक-इनमध्ये टाका, बरणीचं तोंड पक्कं बांधून. लाल तिखट आणि काळा मसालाही तिकडेच. पॉवर बँक बरोबर उलटी, ती फक्त हातातल्या बॅगेत. आणि सुकं खोबरं: वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. आपल्या रश्श्याचा जीवच खोबऱ्यात, त्यामुळे हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. बंगळुरूतही खोबरं मिळतं. बिबड्या मिळत नाहीत, वजन त्यांच्यासाठी राखा. भरताची वांगी नेता येतात, फक्त सगळ्यात वर ठेवा.

पायरी ९: जाणं रद्द झालं तर

"नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही" असं सांगून बरेच जण तिकीट तसंच सोडून देतात. सोडू नका. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि विमानतळाची शुल्कं व सरकारी कर परत द्यावेच लागतात. पाच हजारांच्या तिकिटात ही रक्कम हजाराच्या आसपासही असू शकते. विमान सुटायच्या आधी रीतसर रद्द करा, न जाता घरी बसून राहू नका. एजंटकडून काढलं असेल तरी परतावा देण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

पायरी १०: निघायचा दिवस

मोठ्या विमानतळावर दोन तास आधी. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि तो खरोखर बंद होतो. इथे गार्ड ओळखीचा असून उपयोग नाही. जळगावचं विमानतळ आटोपशीर आहे, पण अजिंठा चौफुलीवरच्या गर्दीचा वेळ धरा.

एटीआरमध्ये चढायचं ते मागच्या दाराने. पंखे पुढच्या भागात असतात, त्यामुळे आवाज तिथे जास्त, मागच्या खुर्च्या त्यामानाने शांत. आणि या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, म्हणून कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. मावशी पुढच्या वेळी जळगावहूनच गेली, हैदराबादमार्गे, २५ किलोचं तिकीट काढून. बॅग भरली २४.८. खिडकीतून केळीच्या बागा ओळखल्या, म्हणे, आणि गिरणेला पाणी किती आहे तेही पाहून घेतलं.